ओतूरकरची पितळी वाटी

तारखा माझ्या फायलीत आहेत. वाचकांना पुरतील एवढ्या खुणा येथे देतो. वसाहतीत राहायला आलो त्याच्या पुढल्या वर्षीचा जून : जमिनीखालच्या निचऱ्याचे पाणी जेथून नाल्यात पडते, नेमक्या त्या तोंडावर वसाहतीच्या क्लबच्या वाहनतळाचा सिमेंटचा उतार बांधला, जबाबदार, विकासक. त्याच वर्षीचा पावसाळा : तोंड बुजलेले असताना ‘काम पूर्ण’ असा दाखला दिला, जबाबदार, प्राधिकरणाचे तत्कालीन कार्यकारी अभियंता. त्याच वर्षीची दिवाळी : ते तोंड सभासदांनी स्वतः उघडू नये असा सोसायटीचा ठराव, जबाबदार, मानद सचिव, म्हणजे प्रस्तुत लेखक. गेल्या महिन्यातला एक रविवार : भास्कर ओतूरकरचे निधन. यास मात्र कोणी जबाबदार नाही. वय झाले होते, हृदय थकले होते.

बातमी सुमनवहिनींनी स्वतः फोन करून दिली. “भावजी, हे गेले,” एवढेच म्हणाल्या. मग, “आज रविवार ना… पाणी मोजायचं राहिलं.”

ओतूरकर आणि मी करोल बागेत एकाच जिन्यावर भाड्याने राहत होतो. तो पाटबंधाऱ्याच्या कामातला अभियंता, मी एका मंत्रालयाच्या विधी शाखेत. नव्वदच्या दशकात दिल्लीच्या दक्षिणेस, अरवलीच्या पायथ्याशी, वर्तमानपत्र उघडावे तो नवी वसाहत जाहीर झालेली असे. आम्ही नोकरदारांनी मिळून सोसायटी केली आणि एका विकासकाच्या वसाहतीत जागा घेतली. ती जागा म्हणजे बुजवलेली खडीची खाण. खाण चालू होती तोवर पंप सतत पाणी उपसत; खाण बंद झाली, पंप गेले, आणि पाणी सावकाश आपल्या जुन्या पातळीला परतू लागले. माहितीपत्रकात याचा उल्लेख ‘समृद्ध जलस्रोत’ असा होता.

निचऱ्याचा आराखडा ओतूरकरने केला. इमारतींच्या वरच्या अंगाला खोल चर, चरात खडी, खडीत छिद्रांचे नळ, भोवती माती अडवणारे कापड, आणि सगळ्याला नाल्याकडे उतार. विकासकाचा माणूस म्हणाला, “सर, पंप लगा देते हैं, झंझट खतम.” ओतूरकर म्हणाला, “और बिजली गई तो? पानी से कहेंगे, रुको भाई, जनरेटर आ रहा है?” सदनिकांची सोडत निघण्यापूर्वीच त्याने तळमजला मागून घेतला. वहिनींना तिसरा मजला हवा होता. “आराखड्यावर सही माझी आहे,” तो म्हणाला, “खाली मीच राहायला हवं.”

पहिल्या पावसाळ्यात तळमजला कोरडा ठणठणीत राहिला. नंतर तो उतार आला. दिवाळीच्या सुट्टीत ओतूरकर कुदळ आणि दोन शेजारी घेऊन माझ्या दाराशी उभा राहिला.

“दोन तासांचं काम आहे. कडेचं सिमेंट फोडतो, नळ मोकळा करतो.”

“हात लावू नकोस,” मी म्हणालो. “आपण उघडलं, की देखभालीची जबाबदारी आपण पत्करली असा अर्थ होईल. आधी नोटीस, मग स्मरणपत्र, मग…”

“सचिवमहाराज, पाणी तुमचं स्मरणपत्र वाचणार आहे का?”

सगळे हसले. मीही हसलो, आणि आत जाऊन ठरावाचा मसुदा लिहिला. तो एकमताने संमत झाला. ओतूरकरनेही हात वर केला. का, असे नंतर विचारले तर म्हणाला, “माझा आराखडा तू कधी तपासलास? मग मी तुझा कशाला तपासू?”

प्राधिकरणाने विकासकाकडे बोट दाखवले, विकासकाने प्राधिकरणाकडे. मी दोघांना पत्रे लिहीत राहिलो. दरम्यान उताराला लागून क्लबची भिंत उभी राहिली आणि दोन तासांचे काम कुदळीच्या आवाक्याबाहेर गेले. दर पावसाळ्यात तळमजल्याच्या फरश्यांना घाम फुटे, भिंतींवर पांढरा क्षार फुले. वहिनींचे माहेरचे शिसवी कपाट तळातून कुजले. ओतूरकरने त्याखाली विटा लावल्या. ठरावाबद्दल मला तो एक शब्द बोलला नाही.

तो मोजत राहिला. जमिनीखालचे पाणी पाहण्यासाठी त्याने अंगणात एक उभा नळ ठेवला होता. दर रविवारी चहाच्या आधी तो त्यात फीत सोडी; फितीच्या टोकाला एक छोटी पितळी वाटी पालथी बांधलेली. ती पाण्याला टेकली की आतून ‘डुब्’ असा आवाज येई. “नैवेद्याची वाटी भोक पाडून नेली हो यांनी!” वहिनी वर्षानुवर्षे मला सांगत. “देवाला दुसरी आणली ना,” तो म्हणे, “ही आवाजाची चांगली आहे.” तो आकडा मला सांगे आणि मी तो पत्रात घाली. माझ्या पत्रांत खरे असे तेवढेच होते.

शेवटची भेट त्याच्या खाटेशी झाली. पायऱ्या उतरून अंगणात जाणे थांबले नव्हते, पण वहिनींचा हात धरावा लागे.

“पत्र गेलं?”

“गेलं.”

“मागच्या वर्षीपेक्षा वीतभर वर आलंय.” मग म्हणाला, “तुझा तो ठराव… मागे घेता येतो का रे?”

इतक्या वर्षांत त्याने हे प्रथमच विचारले होते. मी म्हणालो, त्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल, तिची रीतसर सूचना… त्याने डोळे मिटून घेतले. हसला असावा.

सभा मी बोलावली, तेराव्यानंतर. ठराव मागे घेतला गेला. विरोधात कोणी नव्हते, पहिल्या वेळीही नव्हते. तो ठराव माझा होता आणि चुकीचा होता. कायद्यातली एक शक्यता टाळण्यासाठी मी तळमजल्यावरची आठ घरे ओलीत ठेवली. माझ्या वाट्याचे उत्तर मी येथे, लेखावर माझे नाव घालून, दिले आहे.

वाटी आता वहिनींच्या दाराआड खिळ्याला असते. रविवारी मी ती घेतो. गुडघे टेकून फीत सोडतो, आणि मला कमी ऐकू येत असल्याने वहिनी नळाशी वाकून “लागली” असे सांगतात. प्राधिकरणाच्या कार्यकारी अभियंत्यांच्या खुर्चीवर आज जे कोणी बसले आहेत त्यांना माझे दोन प्रश्न : तोंड बुजलेले असताना तो दाखला कोणत्या पाहणीवर दिला? आणि तो उतार कोणत्या दिवशी फोडणार? उत्तर मला पत्राने नको. तशी माझ्याजवळ पुष्कळ आहेत. हा लेख छापणाऱ्या वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत, आपल्या नावाने द्यावे. या रविवारी पाणी जमिनीपासून दोन हात खाली होते. ते वर पोहोचण्याआधी द्यावे.