स्प्रिंग गेली, खलास

मी हत्यारांची पेटी उघडायच्या आत सबनीस साहेबांचं निदान झालेलं असे. पंप बंद पडो, एसी गळो, गाडी सुरू होईना, साहेब खिशात हात घालून लांबूनच सांगत, "स्प्रिंग गेली. खलास." एसीत कुठली आली स्प्रिंग, हे विचारायची सोय नव्हती. अकरा वर्षं मी हे वाक्य ऐकलं आणि अकरा वर्षांत एकदाही स्प्रिंग गेलेली निघाली नाही.

मी गुहागरकडचा गुरव, आखातात मआमीरच्या एका वर्कशॉपमधला फिटर. साहेब पुण्याचे, आमचे मॅनेजर. अख्ख्या वर्कशॉपमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे माझा अपमान तेवढा मातृभाषेत व्हायचा. "गुरव, तुझ्याकडे हात आहेत. डोकं मी आणलंय." ते डोकं त्यांनी कधी ग्रीसला लागू दिलं नाही. पाना उलटा धरून बोल्टाला नावं ठेवणारा दुसरा इंजिनिअर मी पाहिलेला नाही.

साहेबांना बंदुकीचा शौक होता. क्लबात जाऊन हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायच्या, हा त्यांचा शुक्रवार. विकतची काडतुसं म्हणे सामान्य लोकांसाठी असतात, म्हणून व्हिलाच्या मागच्या खोलीत त्यांनी काडतुसं भरायचं हातयंत्र बसवलं होतं. परवाना रीतसर होता. त्याची रंगीत प्रत चौकटीत घालून भिंतीवर टांगली होती, पदवी मिळाल्यासारखी. यंत्र तसं साधं. रिकामं काडतूस ठेवायचं, दांडा खाली ओढायचा, की दारू पडते. मग बूच, मग छर्रे, आणि शेवटी काडतुसाचं तोंड घडी घालून मिटतं. शाळेतल्या पोरालाही चालवता येईल. साहेबांना यायचं नाही.

दर शुक्रवारी सकाळी फोन. "गुरव, ये. दांडा अडतोय. स्प्रिंग गेलीय." माझा सुट्टीचा दिवस, पण व्हिसा ज्याच्या सहीवर चालतो त्याला नाही म्हणता येत नाही. जाऊन बघावं तर खालच्या पट्टीत सांडलेले छर्रे अडकलेले. साहेब छर्रे ओतायचे ते अक्षता टाकल्यासारखे, निम्मे बाहेर. मी ब्रश फिरवायचो, दहा मिनिटांत दांडा लोण्यासारखा चालायचा. "बघितलंस? मी सांगितलं म्हणून सापडलं," असं म्हणून ते अमेरिकेहून आणखी एक स्प्रिंग मागवायचे. त्या खोलीत नव्याकोऱ्या सात स्प्रिंगा होत्या. मला चहा कागदी कपात मिळायचा, घरातले कप घरातल्यांसाठी.

खरं सांगतो, मला या माणसाची किळस होती. खोलीवर गेलो की मी त्यांची नक्कल करायचो आणि पोरं हसून लोळायची.

तशाच एका शुक्रवारी मी ब्रश धुवायला मोरीकडे गेलो होतो. साहेबांना धीर कुठला, त्यांनी काडतुसं भरायला घेतली. दांडा अर्ध्यात अडला. त्यांनी तो वर उचलला आणि पुन्हा खाली ओढला. मी दारातून पाहिलं. एकाच काडतुसात दारू दोनदा पडली होती. तोंड नीट मिटेना, तर त्यांनी अंगठ्यानं दाबून बसवलं आणि इतरांबरोबर पिशवीत टाकलं. तोंड उघडायला मला एक क्षण पुरला असता. मी ओला ब्रश झटकला आणि गप्प बसलो. मनात म्हटलं, डोकं तुम्ही आणलंय ना, मग वापरा. क्लबात चारचौघांत बंदूक दणका देईल, नाक सुजेल, तेव्हा कळेल. दोन दिवस मी त्या सुजलेल्या नाकाची मजेनं वाट पाहिली. पण सोमवारी साहेब धडधाकट नाकानं वर्कशॉपमध्ये आले आणि मी हिरमुसलो.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन. मी जाऊन पेटी खाली ठेवतोय तोच त्यांची मुलगी रिया आत आली. सोळा वर्षांची; मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. तिनं टेबलावरची पिशवी उचलली. तीच, मागच्या शुक्रवारची.

"डॅड, आर दीज माइन?"

"हो, तुझ्यासाठीच भरलीत. दुपारी तिची पहिली स्पर्धा आहे, गुरव."

"साहेब, ती पिशवी देऊ नका."

"का?"

"तुम्ही दांडा अर्ध्यातून उचलून परत ओढला होता. एकात दारू दोनदा पडलीय. कशात ते आता बाहेरून कळणार नाही."

"तू मला शिकवणार? वीस वर्षं..."

"नळी फुटेल साहेब! पोरीच्या गालाशी असणार ती!"

इतक्या मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. साहेबांनी पिशवी घेतली, चाकू घेतला आणि थाळीत एकेक काडतूस उघडायला लागले. आठ ठीक निघाली. नवव्यातून पडलेला दारूचा ढीग बघून रिया भिंतीला टेकली. साहेबांनी थाळी आणि अख्खी पिशवी पाण्याच्या बादलीत रिकामी केली आणि तिला बाहेर पाठवलं.

मला वाटलं, आता खलास. व्हिसा गेला, परवाच्या विमानानं घर.

"कधी पाहिलंस हे?"

"त्याच दिवशी, साहेब. मागच्या शुक्रवारी."

"आणि बोललास आज." ते खुर्चीत बसले. "म्हणजे मी तोंडावर पडायची वाट बघत होतास."

मी पेटी उचलली. कागदी कपही आला नाही त्या दिवशी. नोकरी राहिली, पण शुक्रवारचा फोन कायमचा बंद झाला.

गेल्या वर्षी साहेब पुण्याला परतले. निरोपाच्या भाषणात त्यांनी यंत्राचा किस्सा रंगवून सांगितला: दोष कसा त्यांनीच शोधला, स्प्रिंग कशी गेली होती. माझं नाव घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर स्वतःची चूकही सांगावी लागली असती. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. माणूस मला तेव्हाही आवडला नाही, आजही आवडत नाही. पण त्या शुक्रवारी माझी पेटी बंदच होती, आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी माझं केलेलं निदान अगदी बरोबर होतं.