दाराजवळची चटई

माझी मुलगी दाराजवळ बसली होती. एकटी. बाकीची पोरं मधल्या मोठ्या निळ्या चटईवर मांडी घालून गोष्ट ऐकत होती आणि माझी चार वर्षांची पोर दाराला लागून टाकलेल्या एका छोट्या चटईवर. तिचे खडू वेगळ्या डब्यात. पाण्याची बाटलीही इतरांच्या बाटल्यांबरोबर नाही, तिच्या पायाशी.

मी शाळेच्या काचेच्या दाराबाहेरून बघत होते. कोविडमुळे पालकांना आत जायची बंदी होती. व्हरांड्यात थांबायचं आणि मूल बाहेर यायचं. त्या दिवशी मी लवकरच पोचले, कारण घरात बसवत नव्हतं. आदल्या दिवशी पुण्यात माझे वडील गेले होते. कोविडनेच. भावाने फोनवर दाखवलं तेवढंच त्यांचं शेवटचं दर्शन.

सकाळी पोरीला सोडताना मी मिस हेलनला सांगितलं होतं. ही तिथली मुख्य बाई. पोर आजोबांच्या आठवणीने रडली तर तिला कारण कळावं, एवढाच हेतू. हेलनने छातीवर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले. "वुई विल प्रे फॉर हिम, लव्ह," म्हणाली. मला खरंच बरं वाटलं. इतक्या लांब कुणीतरी आपलं आहे असं वाटलं. आणि माझी पाठ वळल्यावर तिने दाराजवळ चटई टाकली.

ही शाळा मी निवडली ती आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझे वडील. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातले. आम्ही महार, नंतर बौद्ध झालो. गावच्या शाळेत मास्तर आप्पांना दाराबाहेर गोणपाटावर बसवायचे आणि त्यांची पाटी हात न लावता लांबूनच तपासायचे. मग शेजारच्या गावात मिशनची शाळा निघाली. तिथल्या सिस्टरने आप्पांचा हात धरला आणि पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. 'हात धरला' हे आप्पा दर वेळी सांगायचे. आमच्यात ख्रिश्चन कुणी झालं नाही, पण सिस्टर लोकांवर त्यांचा जन्मभर विश्वास. मी ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीत, खाणीवर इंजिनिअर म्हणून आले, पोर झाली, आणि इथे चर्चला लागून एक छोटी कॅथलिक प्रीस्कूल आहे हे कळल्यावर आप्पा फोनवर म्हणाले, "तिथंच घाल तिला. तिथं कुणी वेगळं बसवत नाही."

मीही डोळे झाकून घातली. शनिवारी शाळेचं अंगण साफ करायचं असलं की मी झाडू घेऊन हजर. नाताळात डबा भरून शंकरपाळ्या. केवढी भाबडी होते मी!

हेलन मास्क सारखा करत बाहेर आली.

"ती तिथे का बसलीय?" मी विचारलं.

"जस्ट अ प्रिकॉशन. मी पालकांच्या ग्रुपवर तुझ्या डॅडसाठी प्रार्थना करायला सांगितलं. मग फोन यायला लागले. काही आया घाबरल्यात. टीव्हीवर रोज इंडियाचंच दाखवतात ना."

"आम्ही दोन वर्षांत इंडियाला गेलेलो नाही. तिथून आमच्याकडे कुणी आलेलं नाही. येणार कसं? बॉर्डर बंद आहे."

"आय नो," ती म्हणाली.

आय नो. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. गैरसमज असता तर मी दहा वेळा समजावलं असतं. माहीत असून जिने चटई टाकली, तिला काय समजावणार?

"यू अंडरस्टँड, डोन्ट यू? आम्ही चॅपलमध्ये त्यांच्यासाठी कँडलही लावलीय."

तेवढ्यात पोरीने मला पाहिलं. हात हलवून ओरडली, "मम्मा, आय हॅव अ स्पेशल मॅट!"

खूश होती ती. तिला तसंच सांगितलं होतं. आप्पांना निदान कळत होतं की आपला अपमान होतोय. माझ्या पोरीला तो बक्षीस म्हणून दिला होता.

मी आत शिरले. "पेरेंट्स आर नॉट अलाउड इन," हेलन मागून म्हणाली. मी पोरीचा हात धरला आणि मोठ्या चटईवर, मधोमध, नेऊन बसवलं. पोरं सरकली. जागा केली. पुन्हा गोष्टीच्या पुस्तकाकडे बघू लागली.

"ती मेणबत्ती विझवा," मी हेलनला म्हणाले. "माझ्या वडिलांसाठी काहीही लावू नका."

घरी नवरा म्हणाला, "काढू या तिला तिथून. दुसरीकडे घालू. आधीच तुझी ही अवस्था, त्यात वाद कशाला?"

"नाही काढायची."

"अगं, पण का?"

"आप्पा गावची शाळा सोडून गेले ना, तेव्हा त्या गोणपाटावर त्यांच्या धाकट्या भावाला बसवलं."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन गेले. छोटी चटई दाराजवळ तयारच होती. मी ती उचलली, गुंडाळली आणि काखेत मारली. हेलन बघत राहिली.

"ही मी घेऊन जातेय," मी म्हणाले. "उद्या दुसरी टाकलीत तर तीही नेईन. पोर सगळ्यांमध्ये बसेल. रोज येईल आणि रोज तिथेच बसेल."

पोर आत गेली, आणि ती मधे बसेपर्यंत मी दारातून हलले नाही.

ती चटई अजून माझ्या घरी आहे. पोरीला ती आठवते, अधूनमधून विचारतेसुद्धा, माय स्पेशल मॅट कुठेय? जरा मोठी झाली की तिच्यापुढे अंथरणार आहे. ती कशासाठी टाकली होती, कुणी टाकली होती, सगळं सांगणार आहे. गोड करून नाही.