इंदूरच्या माणसाच्या वाटणीचा चहा

परवा संध्याकाळी सोलापुरात, आमच्याच गल्लीत, मी इंदूरच्या कुणातरी माणसाच्या वाटणीचा चहा प्यायले. तो माणूस कोण, मला ठाऊक नाही...

झालं असं. शेजारच्या लक्ष्मीअक्का अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात टॉवेलचे काठ शिवतात. मालकाने कारखाना बंद करायला काढला आणि सांगितलं, रविवारपर्यंत पैसे आणा, तुम्ही चालवता ते शिलाई मशीन तुम्हालाच देतो. नाहीतर ते भंगारवाला उचलणार... आणि त्याबरोबर अक्कांची भाकरीही.

भिशी त्यांनी लेकीच्या बाळंतपणात आधीच उचललेली. बँकेला कागद हवे होते. शेवटी लेकीने फोनवर एक ॲप दाखवलं, जिथे अनोळखी माणसं थोडे थोडे पैसे घालून कर्ज देतात.

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही! ॲप नोंदणीकृत आहे हे तपासलं, तरी शंका राहिलीच. आमच्या भिशीत नवी बाई घ्यायची तर आधी सगळ्याजणी तिच्या घरी चहा पिऊन येतात. घर बघतात, माणसं बघतात, मगच हो म्हणतात. इथे कोण कुणाच्या घरी जाणार?

अर्ज भरायला अक्कांनी मलाच बसवलं. त्यात ‘कर्ज कशासाठी’ असा रकाना होता. मी मोठमोठे शब्द शोधत बसले. अक्का म्हणाल्या, "एवढंच लिवा की, मशीन माज्या ओळखीचं हाय." तेवढंच लिहिलं. मनात म्हटलं, झालं आता कल्याण...

आधी काहीच हललं नाही. मग शुक्रवारी थोडे आले आणि शनिवारी दुपारी सगळे! स्क्रीनवर नुसती नावं आणि गावं... इंदूर, नांदेड, सिलिगुडी. मी थक्क होऊन बघतच राहिले. व्याज मिळणार होतं हे खरं, पण ते तर कुणाकडूनही मिळालं असतं. या लोकांना त्या एका ओळीत काय दिसलं असेल?

अक्कांनी माझ्याकडून एकेक गाव वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "ह्यांनी माज्या घरचा चा पण घेतला न्हाय... आन् पैसे दिले?"

मशीन घरी आलं त्या संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या बायकांना बोलावलं. प्रत्येकीच्या हातात कप देताना एकेक गाव सांगत होत्या. "घ्या, तुमी नांदेडच्या." कुणीच हसलं नाही. माझ्या वाट्याला इंदूर आलं.

इंदूरचे दादा, किंवा ताई... तुमचा चहा पोहोचला. आलं जरा जास्त झालं होतं. पण मी बघून आलेय, घर चांगलं आहे.