ओरखड्यासकट आणलेलं गाणं

इनासमामा गेला हे मला वसईहून कळलं. मी दोह्यातल्या बिन महमूदमध्ये, तोही बिन महमूदमध्ये, मधे एक फार्मसी आणि दोन केरळी हॉटेलं. पण हॉस्पिटलवाल्यांनी त्याच्या मोबाइलवरून आधी मामीला गाठलं, मामीने आईला सांगितलं आणि आईने मला. अशी चार गल्ल्या पलीकडची बातमी समुद्र ओलांडून माझ्याकडे आली. आई रडत होती. मग एकदम थांबून तिने विचारलं, "तू तिथेच आहेस ना गं? मग तू कुठे होतीस?"

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून. आमच्या गावच्या विहिरी उपसून नेणाऱ्या टँकरवाल्यांविरुद्धची, हिरव्या पट्ट्यात घुसणाऱ्या बिल्डरांविरुद्धची. पत्रकात मुद्दा पहिल्या ओळीत लागतो, नाहीतर लोक त्यात शेंगदाणे बांधतात. तेव्हा मुद्दा मांडते. माझ्या सख्ख्या मामाने मला फसवलं, वर्षभर फसवलं, आणि त्याचा जाब पुरता न देता तो निघून गेला.

दोह्यात मी आले ती एका क्लिनिकमध्ये इन्शुरन्सच्या टेबलावर. पहिले काही महिने मामाच्याच फ्लॅटवर होते. तो तोवर रास लफानमधून रिटायर झाला होता, पण ओळखीच्या एकाच्या व्हिसावर इथेच राहिला होता. सगळी उमर पहाटेच्या कंपनीच्या बसने त्या गॅस प्लांटवर गेलेला माणूस, रिटायर झाल्यावरही त्याच वेळी उठायचा, चहा टाकायचा आणि मोबाइलवर एकच गाणं लावायचा. इंग्लंडमधल्या कुठल्याशा बंदरगावातल्या चार पोरांचा बीट ग्रुप, साठच्या दशकातला. चिकटून बसलेले सूट, कपाळावर कापलेले केस, एक गिटार टणटणत सुरू होते आणि मागून ड्रम असा येतो की पाय आपोआप हलतो. एका उन्हाळ्यात ते गाणं जगभर वाजलं. पुढची दोन कोणी ऐकली नाहीत. मग चौघं आपापल्या कामाधंद्याला लागले. ग्रुपचं नाव इथे लिहीत नाही, कारण वर्षभर मी ते नाव इतक्या वाईट ठिकाणी लिहिलंय की आता पुन्हा घ्यायला तोंड नाही.

झालं असं, की ते गाणं मला ओळखीचं होतं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी आणायला बायका बँडबरोबर निघतात, तेव्हा गावचा बँड हीच चाल वाजवतो. बायकांचे तिच्यावर आपले शब्द आहेत, घागरीचे, नवरीच्या आत्याची खोड काढणारे. एका जागी चाल अडते, तोच तुकडा तीनदा येतो, आणि त्या तीन वेळा सगळ्या बायका डोक्यावरच्या घागरीसकट एकेक पाऊल मागे येतात. मी स्वतः आले आहे. आजीही यायची.

मामाला मी विचारलं, हे आपलं गाणं या गोऱ्यांकडे कसं? तो मासे साफ करत होता. हात धुतले, खुर्ची ओढली आणि त्याने मला ती गोष्ट सांगितली. ही चाल त्याच्या बापाने, म्हणजे माझ्या आजोबांनी बांधली. आजोबा गावच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचे. एका थंडीत मुंबईच्या कुठल्या हॉटेलात साथीला गेले होते, तिथे टेप मशीन घेऊन फिरणारा एक गोरा भेटला. त्याने आजोबांना कॉफी पाजली, चाल पुन्हा पुन्हा गुणगुणायला लावली, पाठ थोपटली आणि बोटीत बसून गेला. वर्ष-दीड वर्षात गाणं रेडिओवर. आजोबांनी ते गावच्या चहाच्या दुकानात ऐकलं आणि कप तसाच ठेवून उठून गेले… ही गोष्ट त्याने एकदम नाही सांगितली. दर शुक्रवारी थोडी थोडी. कॉफी एका शुक्रवारी आली, चहाचं दुकान दुसऱ्या. मला वाटायचं, म्हाताऱ्याला आठवायला त्रास होतोय. तो रचत होता.

आता माझं ऐका. या देशात पत्रकं वाटता येत नाहीत, मोर्चा तर सोडाच. माझे हात शिवशिवत होते, आणि मला घरबसल्या लढा मिळाला. लुटलेल्या पाण्याबद्दल लिहिणारीला पाण्याचं लुटलेलं गाणं! मी कंबर कसली. मराठीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं, गाण्याचं श्रेय आजोबांना द्या असा अर्ज गावात फिरवला, लोकांनी धडाधड सह्या केल्या. मामीने केली, आईने केली. गावात आजोबांच्या फोटोचा फ्लेक्स लागला. त्या गाण्याच्या प्रत्येक व्हिडिओखाली आमची पोरं जाऊन ठणकावून लिहू लागली. माझा सगळ्यात जोरदार मुद्दा होता तो तीनदा येणारा तुकडा. मी लिहिलं होतं की ती तीन पावलं म्हणजे बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा; गोऱ्या चोरांनी माल उचलताना त्यातली श्रद्धा तेवढी कापून टाकली. मामाला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "वा. हे मला सुचलं नसतं."

ग्रुपमधला एकटा ड्रमर हयात होता. म्हातारा आपलं छोटं पान चालवायचा, जुने फोटो टाकायचा. त्याने एकदाच उत्तर दिलं की आम्ही हिंदुस्थानात कधी आलो नाही, आमच्यात टेप मशीन कोणाकडे नव्हतं. त्यावर आम्ही त्याला काय काय म्हणालो ते लिहीत नाही. त्याने पान बंद केलं. मी मामाला आनंदाने सांगायला गेले, की पळाला. मामाने मोबाइल उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "ड्रम चांगला वाजवायचा गं तो."

मग समैस्मा. आम्हा वसईकरांची सहल दरवर्षी तिथल्या किनाऱ्यावर असते. त्या वर्षी बस्त्यावकाका आले होते, मुलीकडे व्हिजिट व्हिसावर. गावच्या बँडचे जुने ट्रम्पेटवाले, कंबरेत वाकलेले, पण आवाज खणखणीत. मी तर हवेतच गेले. साक्षात साक्षीदार! सगळ्यांना गोळा केलं, काकांना खुर्ची दिली आणि म्हटलं, काका, आजोबांनी ही चाल कशी बांधली ते या मुलांना सांगा. आमच्या इथल्या मुलांना मराठी कळतं, बोलतात इंग्रजीत. ती मोबाइल खाली ठेवून ऐकायला बसली.

काका हसले. "तुझ्या आज्याने? तुझा आजा ढोल वाजवायचा, बाय. गरीब माणूस. चाल कसली बांधतोय." मग ते सांगत गेले. ही चाल रेकॉर्डवरची. मुंबईला आयटीआयला गेलेल्या पोराने फुटपाथवरून जुनं रेकॉर्ड आणलं. नोटेशन कोणाला येत नव्हतं, सगळे कानाने शिकले, पुन्हा पुन्हा लावून. "आणि ते तुमचं तीन पावलं मागे… अगं, रेकॉर्डला ओरखडा होता. सुई तिथे अडकायची, तेच तेच वाजायचं. आम्हाला वाटलं, गाणंच तसं आहे. तसंच बसवलं. बायका बिचाऱ्या तेव्हापासून मागे येतायत."

सगळे हसले. मुलंही हसली. हसण्यासारखंच होतं ते. दुसऱ्या कोणाचं असतं तर मीही हसले असते. मी विचारलं, कोण तो पोरगा? काकांनी हनुवटीने दाखवलं. "हा काय. इनास. तेव्हा आमच्यात साइड ड्रमवर होता."

मामा शेगडीवर सुरमई परतत होता. त्याने वर पाहिलं नाही. मासा उलटला, मग पुन्हा उलटला. मी वाट पाहिली. एक शब्द पुरे होता, काका चुकतायत, किंवा काका खरं बोलतायत, काहीही. आपल्याच माणसांसाठी मी क्लिनिकच्या प्रिंटरवर काढून आणलेलं माझ्या नावाचं पत्रक तिथे चटईवर थाळ्यांखाली अंथरलेलं होतं आणि ज्याच्या शब्दावर ते लिहिलं तो माणूस माशाला लिंबू पिळत होता.

परतताना त्याच्याच गाडीत बसावं लागलं. दोह्याचे दिवे दिसू लागले. मग विचारलं, तुला माहीत होतं, तर मला लिहू का दिलंस?

"बापाबद्दल कोणी कधी काही लिहिलं नव्हतं," तो म्हणाला. "बँडच्या फोटोत बघ. त्याचं तोंडपण दिसत नाही, पुढे ड्रम आहे."

"आणि मी? माझ्या तोंडाचं काय?"

त्याने इंडिकेटर लावला. गाडी वळवली.

त्या आठवड्यात मी दोन नर्सेसच्या खोलीत राहायला गेले. मिस्साची वेळ बदलली, म्हणजे चर्चमध्ये गाठ पडायला नको. त्याचे फोन यायचे, मी घेत नव्हते. एकदा डबा पाठवला, तो मी रिकामा करून, धुऊन, चिठ्ठीशिवाय परत केला. मला त्याच्याकडून जेवण नको होतं. चार माणसांत एक वाक्य हवं होतं, 'हिची चूक नाही.' तो रोज कोणाला तरी भेटत होता. ते वाक्य त्याने कोणालाही सांगितलं नाही… आणि पहाटे जे गाणं तो ऐकायचा, त्याला मी फिर्यादीचं दुःख समजत आले होते. ते निव्वळ प्रेम होतं. ज्यांच्यावर त्याचा इतका जीव, त्यांनाही त्याने माझ्या हातून चोर ठरवलं. आपली माणसं विकायचीच होती तर त्याने कोणालाच मागे ठेवलं नाही.

त्याला मातीला गावी नेलं. मीही गेले. दफनानंतर सगळे पांगले, मामी स्वयंपाकघरात पेले पुसत बसली होती. मी तिला समैस्माचं सांगायला लागले तर तिने मधेच हात वर केला. तिला माहीत होतं. लग्न ठरलं तेव्हाच त्याने मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की तुझ्या लग्नाच्या पाण्याला जे वाजणार आहे ते मी आणलंय म्हणून.

"मग अर्जावर सही का केलीस?"

"वर्षातून एकदा येणारा नवरा," ती म्हणाली. "त्याने कागद पुढे केला, कर म्हणाला. त्या चार दिवसांत भांडत बसू?" मग पेला उजेडात धरून बघत म्हणाली, "अर्ध्या म्हाताऱ्यांना माहीत होतं गं. सगळ्यांना वाटलं, तुलाही असेल."

म्हणजे सह्या करणाऱ्यांत खरं माहीत नसलेली मुख्य मूर्ख मी. फ्लेक्स अजून तसाच आहे. मी काढूया म्हटलं तर गावातले कार्यकर्ते मलाच समजावू लागले: आता राहू दे, कोणाचं काय जातंय, मेलेल्याच्या बापाचा फोटो उतरवायचा का? कोणाचं काय जातंय! इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्याचं गेलं. मी त्याला लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही आणि मी त्याची अपेक्षाही करत नाही.

म्हणून मामाने न बोललेलं वाक्य मीच इथे, नावानिशी लिहिते. विहिरीच्या पाण्याची चाल माझ्या आजोबांची नाही. ती चार इंग्रज पोरांची आहे. ती आमच्या गावात आणली इनासने, फुटपाथवरून, ओरखड्यासकट, आणि त्याच्यामुळे आमच्या बायका अर्धं शतक नाचत पाणी आणत आहेत. हे एवढं खरं होतं आणि पुरेसं होतं. त्याने हे मला सांगितलं असतं तर मी त्याचंही पत्रक काढलं असतं. याहून चांगलं काढलं असतं. बापाला नसलेला मोठेपणा देण्याच्या नादात त्याने स्वतःचा असलेला घालवला, आणि वाटेत माझा शब्दही.

दोह्यातली त्याची गाडी आता मी चालवते. मामीनेच सांगितलं, विकू नकोस, वापर. पहिल्या दिवशी दार उघडलं तर स्टीअरिंगवर एक जुना, विटका टॉवेल घातलेला. इथल्या उन्हात गाडी तासभर उभी राहिली तरी चाक हाताला चटका देतं. तो उतरताना न चुकता टॉवेल घालायचा, आणि हॉस्पिटलला जाण्याआधीही घालून गेला होता. मी तो ओढून मागच्या सीटवर फेकला. संध्याकाळी क्लिनिकमधून आले, चाक धरलं आणि दोन्ही तळवे पोळले. राग आला, तो चाकाचा नव्हता. गाडीतच बसून त्याला मोठ्याने बोलले, जे त्याच्या तोंडावर बोलायचं राहिलं ते सगळं. पार्किंगमधला वॉचमन बघत होता, बघू दे. अजूनही जाता-येता बोलते. अजून एकही मुद्दा संपलेला नाही. पण क्लिनिकसमोर गाडी लावली की मागे हात घालते, टॉवेल घेते आणि चाकावर नीट पसरते, त्याच्यासारखी दोन्ही टोकं आत खोचून.