काकवीची बाटली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला, सुहासला नाही, मुलीला नाही, पाठच्या बहिणीला तर नाहीच नाही. आणि ‘आमच्या ताईच्या पोटातलं माझ्यापासून काही लपत नाही’, असं ती बहीण जगभर सांगत असते. आज तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का? बहुतेक तुम्ही माझ्याकडे कधी जेवायला येणार नाही म्हणून. आलात तर केक खाल, कौतुक कराल, आणि मग माझी जीभ उचलणार नाही.

केकपासूनच सुरुवात करते. ते सोपं आहे.

आमच्या मुलुंडच्या घरात वाढदिवसाचा केक कधी बाहेरून आला नाही. लग्नाचा वाढदिवस, कुणाचा निकाल, पाडवा — काहीही असो, अक्रोडाचा केक मी करायचा, हे ठरलेलं. अंधेरीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर फिलोमिना बसायची, तिने शिकवलेला. आदल्या दिवशी भाजायचा. गार झाला की विणायच्या सुईने भोकं पाडायची आणि चमच्याचमच्याने त्यात कॉफीची लिकर मुरवायची. मग मऊ सुती फडक्यात गुंडाळून ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं की अक्रोड, खजूर, कॉफी असा वास हॉलपर्यंत जायचा, आणि माझा धाकटा दीर नितीन बशी घेऊनच स्वयंपाकघरात यायचा.

फडकं आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, जुन्या पातळाचं. त्यांनीच फाडून दिलेलं. अक्रोडही त्याच फोडायच्या. खिडकीशी खुर्ची घ्यायची, मांडीवर ताट, हातात खलबत्त्यातला बत्ता. एखादा अख्खा गर निघाला की मला लांबून दाखवायच्या आणि तोंडात टाकायच्या. म्हणायच्या, हा केकमध्ये गेला असता तर कुणाला कळलं असतं का? पावशेरातला छटाकभर त्यांच्याच पोटात जायचा. मी रागावल्यासारखं करायची, त्या घाबरल्यासारखं करायच्या. काय सुखाचे दिवस होते ते! खरंच होते. आजही बत्त्याचा टकटक आवाज आला की माझा जीव तिकडे धावतो.

तर — लिकर.

लिकर म्हणजे घट्ट, गोड, काळी दारू. गोड असली तरी दारूच. आणि आमच्याकडे मासे चालत, अंडी चालत, पण दारूचा थेंब चालत नसे. आईंचे थोरले भाऊ दारूपायी गेले. त्यांना गुत्त्यावरून बोलावून आणायचं काम नऊ-दहा वर्षांच्या आईंकडे असे. त्या ते फार बोलत नसत. पण होमिओपॅथीचे थेंबसुद्धा घेत नसत, गोळ्याच घेत. खोकल्याच्या औषधाची बाटली डोळ्यांजवळ नेऊन वाचत. मला हे सगळं माहीत होतं. पहिला केक केला तेव्हाही माहीत होतं.

मग का घातली? लिकरशिवाय केक कोरडा लागायचा, एवढंच. दुसरं कारण नाही. आईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, कसला गं हा वास? मी म्हटलं, कॉफी आणि काकवी. कॉफी तर होतीच ना? अर्धं खरं होतं. अर्धं खरं पचायला सोपं जातं.

काकवी म्हटल्यावर पुढचं आपोआप झालं. फिलोमिना गोव्याहून बाटली आणायची. ती मी काकवीच्या रिकाम्या बाटलीत ओतायची आणि पिठाच्या डब्यामागे ठेवायची. तोच रंग, तसाच दाटपणा. आई संध्याकाळी बागेत फिरायला गेल्या की माझी विणायची सुई निघायची. आठ वर्षं हे चाललं. आई शेजारणींना सांगायच्या, आमची सून केकमध्ये काकवी घालते, तुमच्यासारखं बाजारचं सिरप नाही. मला गंमत वाटायची. वाटायची, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायची.

आणि मग तो रविवार.

आई घावनं करत होत्या. दोन-चार झाल्यावर मला म्हणाल्या, तू बघ आता, मी काकवी काढते. मी उलथनं हातात घेतलं. समोरची काकवी संपलेली होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यांनी पिठाचा डबा सरकवला. झाकण फिरल्याचा आवाज मी ऐकला. मग त्यांनी बाटली नाकाशी नेली.

आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. त्यांनी ती बाटली टेबलावर मधोमध ठेवली. सुहास आणि नितीन खात होते. आई नितीनकडे बघत होत्या. महिन्यापूर्वी ऑफिसच्या पार्टीत तो एक बिअर प्यायला होता आणि घरी येऊन स्वतःच सांगून मोकळा झाला होता. तेवढं पुरलं.

"माझ्या काकवीच्या बाटलीत, नितीन?"

तो म्हणाला, "आई, माझी नाही गं."

"मग कुणाची? सुहास ताकाशिवाय काही पीत नाही. का हिची आहे?"

हिची म्हणताना त्यांनी माझ्याकडे हात केला आणि त्या हसल्या. तेवढ्या दुःखातही हसल्या, इतकी ती गोष्ट अशक्य होती. नितीनने बाटली उचलली, नाकाशी नेली. आठ वर्षं माझ्या केकवर ताव मारलेला माणूस तो. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी मूग गिळून बसले. बसले कसली — उभी होते, आणि घावन उलटलं. ते करपू नये म्हणून उलटलं. त्या क्षणी मला घावनाची काळजी होती, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगितलंय.

 बाटली नितीनने स्वतःच मोरीत ओतली.

मला कशाची भीती वाटली? आई घराबाहेर काढणार नव्हत्या. चार दिवस अबोला धरला असता, पाचव्या दिवशी अक्रोड फोडायला बसल्या असत्या. मला भीती होती ती फक्त त्या हसण्याची. का हिची आहे, असं त्या पुन्हा कधीच हसून म्हणाल्या नसत्या. मला त्यांच्या मनातली माझी जागा हवी होती, आणि ती मी नितीनची जागा देऊन ठेवून घेतली.

त्यानंतर रोज संध्याकाळी बेल वाजली की दार उघडायला आई जायच्या. नितीनच्या अगदी जवळ उभ्या राहायच्या आणि वास घ्यायच्या. तोही उंबऱ्यात थांबायचा, त्यांचा वास घेऊन होईपर्यंत, हातात बॅग धरून. तीस वर्षांचा पुरुष. मी चहा टाकत असायची. चार महिने त्याने हे काढलं. मग ऑफिस जवळ पडतं म्हणून मालाडला खोली घेतली. तिथेच लग्न केलं, तिथेच मुलगी झाली. सणावाराला यायचा. आई त्याला वाढायच्या, पण आधी जवळ जायच्या. सवय सुटली नाही त्यांची.

आई त्यानंतर अकरा वर्षं होत्या. रोज सांगता आलं असतं मला. अकरा वर्षं, रोज. हा हिशोब मी पुन्हा पुन्हा केलाय आणि दरवेळी तो तेवढाच येतो.

केक मी बंद केला नाही, लिकर बंद केली. खरी काकवी घालू लागले. आई खायच्या, बोट चाटायच्या आणि म्हणायच्या, पूर्वीसारखा होत नाही गं तुझा. मी म्हणायची, अक्रोड बरोबर नव्हते. फोडणाऱ्याच्या माथी खापर! त्या बिचाऱ्या पुढच्या वेळी अधिक निवडून फोडायच्या.

आई गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. घरात आम्ही दोघीच. दार बंद, टीव्ही बंद. याहून चांगली वेळ देव काय देणार होता? त्यांनी माझा हात धरला.

"नितीनला सांभाळ. तुझं ऐकतो तो. अण्णासारखं होऊ देऊ नकोस त्याचं."

अण्णा म्हणजे त्यांचे ते भाऊ. मी म्हटलं, "हो आई."

एवढंच म्हटलं. त्या गेल्या ते मुलगा दारूत बुडेल ही धास्ती उराशी घेऊन गेल्या. ती मी दिलेली होती, आणि काढून घ्यायला मला एक वाक्य लागलं असतं. नितीनने त्या एका बिअरनंतर दारूला हात लावलेला नाही. का नाही, हे मी त्याला विचारलेलं नाही. त्यानेही मला कधी काही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचा दहावा वाढदिवस झाला. त्याचा फोन आला, केक तूच कर म्हणाला. मी म्हटलं, करते की, अक्रोड आहेतच घरात. मग तो म्हणाला,

"वहिनी, घालायचं ते घाल त्यात. पोरांसाठी वेगळा आणलाय मी. नुसत्या काकवीचा आईलासुद्धा आवडला नव्हता."

आवाजात राग नव्हता. असता तर मी रडले असते आणि सुटले असते.

मी बाटली आणली. या वेळी तिच्या स्वतःच्या बाटलीतच राहू दिली. आईंच्या पातळाचं फडकं आता विरलंय, तरी त्यातच गुंडाळला. मालाडला नितीनच्या हॉलमध्ये कापला तेव्हा तो जुना वास आला आणि क्षणभर मला वाटलं, खिडकीशी कुणीतरी बत्ता घेऊन बसलंय. पहिला तुकडा नितीनने घेतला. सावकाश खाल्ला. दुसरा घेतला.

सुहासने घास घेतला आणि मान डोलावली. "आज अगदी पूर्वीसारखा झालाय," तो म्हणाला. "काय घातलंस गं?"

नितीन समोरच उभा होता. बशी हातात, माझ्याकडे बघत. त्या रविवारी बघितलं होतं तसंच.

"काकवी," मी म्हटलं.