हाफपँटची खळ

आमच्या घरात मोर्च्यांच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच, त्यामुळे पोलीस म्हणजे लाठी, एवढंच मला ठाऊक होतं. मनवेलपाड्याच्या चाळीत मात्र आमच्या शेजारीच एक पोलीस शिपाई राहत. चाळिशी ओलांडलेले. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला ‘पुढारी’ म्हणून चिडवायचे.

त्या वर्षी हवालदाराची फीत मिळवायची तर काकांना पूर्ण गणवेशात, म्हणजे तेव्हाच्या खाकी हाफपँटीत, रायफल घेऊन, ठरलेल्या वेळेत मैलभर धावायचं होतं. ही शेवटची संधी. महिनाभर ते काकूंच्या माहेरी, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, बनियन घालून अनवाणी धावले. रायफलीऐवजी मुसळ. मासे वाळवणाऱ्या बायका ओरडायच्या, “जावयबापू, कांडायला कुठं चाललात?” वेळ मी घड्याळावर बघायचे. रोज पास.

परीक्षेआधीच्या रविवारी त्यांनी सगळा गणवेश चढवला. काकूंनी हाफपँटला पेजेची खळ दिली होती, परेडला देतात तशी. जमिनीवर ठेवली असती तर उभी राहिली असती. काका निम्म्यातच थांबले. पट्ट्याखाली श्वास मावेना, खिळे ठोकलेले बूट वाळूत रुतत होते आणि हाफपँटच्या कडांनी मांड्या सोलून काढल्या होत्या.

“पान्यातनं काढते. खळ जाईल, मऊ होईल,” काकू म्हणाल्या.

“आणि चुरगळलेली घालून साहेबापुढं जाऊ? आधी टर्नआउट बघतात, गणवेशाची ऐट.”

“मग टर्नआउटलाच पळवा!”

परीक्षेला आम्ही दोघी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभ्या होतो. बाकीचे शिपाई पत्र्यासारखे कडक. काकांची हाफपँट लोंबत होती.

“परेडला आलास की भात लावायला?” साहेबांनी विचारलं.

“धावायला, साहेब.”

शिट्टी झाली. कडक कापडाची खरखर आणि बुटांचा खडखडाट कुंपणापर्यंत ऐकू येत होता. दोन तरणे शिपाई मांड्या फाकवून चालायला लागले. काका चालले नाहीत. रायफल छातीशी, चेहरा काळानिळा, पण पावलांचा ठेका तोच. मी घड्याळ बघायचंच विसरले. खाकीतला माणूस जिंकावा म्हणून मी मुठी आवळून उभी होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

“पास!” साहेब ओरडले. “टर्नआउट भिकार!”

काका धापा टाकत खाली बसले. त्यांचा एक बूट मी ओढून काढला, तर त्याच्या वजनानं माझा हात खाली गेला. असे दोन बूट, वर पट्टा, रायफल, आणि मैलभर. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

“काय पुढारी, उचलवत नाही?”

काकूंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. फीत नेमकी कुठं शिवायची ते त्या काकांच्या घामानं भिजलेल्या बाहीवर वितीनं मोजत होत्या.