गाडवाटेवरचा लाल बावटा

लढाईच्या दिवसांत सरकारने अकोल्याबाहेरच्या माळावर विमानांसाठी पट्टी बांधली. खेड्यातून दवाखान्याकडे जाणारी गाडवाट तिने मधोमध कापली. तिथे सहदेवला नेमलं. विमान पट्टीवर आलं की लाल बावटा आडवा धरायचा, ते गेलं की खाली घ्यायचा. आधी तो भाजीची वाडी करायचा.

एका दुपारी विमान पट्टीच्या टोकाला येऊन उभं राहिलं. पंखे फिरत होते. सहदेवने बावटा धरला, आणि समोरून येणारे बैल त्याने ओळखले. घरचेच होते. मेव्हणा गोवर्धन गाडी हाकत होता. मागे सासू पार्बताबाईच्या मांडीवर शकुन, सहदेवची बायको, कण्हत होती.

“भाऊजी, सोडा लवकर. सुईणीनं हात टेकले.”

सहदेवने शेजारी उभ्या मुकादमाकडे पाहिलं. “सत्तारभाई, माह्या घरची हाये.”

अब्दुल सत्तार पट्टीवरच्या साहेबाच्या खोलीकडे पळत गेला, तसाच परत आला. “साहेब म्हनते, इमान कवाबी सुटन. बैल मधीच बुजले तं सारेच मरतीन. दम धर.”

विमान मात्र सुटेना. पंखे थांबत, वाट मोकळी होणार असं वाटावं, तोच पुन्हा घरघरत. बैल कान टवकारून मागे सरकत होते. शकुनचं कण्हणं बारीक होत गेलं. सहदेवचा हात खाली आला नाही.

शेवटी विमान न उडताच वळलं आणि परत गेलं. सत्तारने बावटा त्याच्या हातातून काढून घेतला. “जा तू बी.”

दवाखान्यात पोरगी जगली. शकुन गेली.

तिचं तेरावं झालं आणि सहदेव पुन्हा कामावर उभा राहिला. “काहून गेला बे परत?” शेजारी विचारत. “दुसरं काय करू?” तो म्हणे. रडू आलं नाही. भाकरीला चव नव्हती, पण तो खात होता.

पार्बताबाई नातीला घेऊन अमरावतीला थोरल्या लेकीकडे राहायला गेली. वर्षभराने सहदेव तिथे गेला. लेक जयवंता रांगत आली, त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी वाटेल म्हणून थोडा वेळ तसाच बसला.

“जवाईबापू,” पार्बताबाईने विचारलं, “तवा सोडली असती गाडी तं?”

“अन् तवाच इमान सुटलं असतं तं?”

तिने नातीला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, “हिले नेता का घरी?”

“राहू द्या इथंच,” तो म्हणाला, आणि चहा न घेताच मोटारीच्या अड्ड्याकडे चालू लागला.